न उष्टावलेलं मलम

२ नोव्हेंबर
॥ श्री ॥

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, इकडे कुणाला काही झालेलं नाही. पण एक गोष्ट कळली आणि तेव्हापासून मनाला चैन नाही, म्हणून पूजा आटोपून लिहायला बसले.

परवा लेक चार दिवस राहायला आली तेव्हा तिच्या लग्नाचे फोटो काढले. एकूण एक फोटोत तुम्ही तोंड घट्ट मिटून उभ्या. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "ही बाई थकलेलं भाडं मागायला आल्यासारखी दिसते." त्यांचं वय झालंय, मनावर घेऊ नका. पण खरं सांगते, वर्षभर माझ्याही मनात तेच होतं, की आमचं काहीतरी कमी पडलं आणि मुलाची आई रुसली. पाहुण्यांना दिलेल्या रुमालांपर्यंत सगळं मी मनात तपासून पाहिलं. (रुमाल सुती होते. घाऊक घेतले म्हणून काही हलके ठरत नाहीत.)

लेक हसायलाच लागली. म्हणाली, "आई, त्यांचे ओठ फुटतात गं थंडीत. हसलं की रक्त येतं. म्हणून तर फोनवरही दोन वाक्यांत आटपतात."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका फुटक्या ओठापायी मी भल्या बाईला वर्षभर गर्विष्ठ ठरवलं. देवापुढे कान धरले, पण त्याने तुमचे ओठ थोडेच बरे होणार?

आता फेब्रुवारीत तुमच्या लेकीचं लग्न. पुन्हा थंडी, पुन्हा फोटो. नव्या विहीणबाईंनीही तुमच्याबद्दल माझ्यासारखंच काही मनात धरलं तर नवरीला पहिल्या दिवसापासून जड जाईल. ते होऊ नये म्हणून ओठांचं मलम घरी केलं आहे.

कृती शेजारणीची. ती मधमाशीचं मेण घालते. पण मी प्रवचनात ऐकलं होतं की दुसऱ्याचं घर मोडून आपले ओठ मऊ करणं यात पुण्य नाही. म्हणून मी झाडाचं मेण आणलं. कार्नोबा की काय म्हणतात. ताडासारख्या झाडाच्या पानांवर येतं म्हणे. पिवळे कडक पापुद्रे असतात. शेजारीण मधमाशीचं जितकं घालते तितकंच हे मोजून घातलं, आणि वर एक चमचा जास्त. तुम्हाला द्यायचं तर हात आखडता कशाला घ्यायचा? वितळायला मात्र फार वेळ लागला. माझा जप दोनदा पुरा झाला. वितळलं तसा लगेच गॅस बंद केला आणि वाटीतलं तेल त्यात ओतलं.

पहिली डबी देवापुढे ठेवली. दुसरी तुम्हाला पाठवते आहे. रोज लावा आणि फेब्रुवारीत मनसोक्त हसा.

तुमच्या सुनेची आई


१३ नोव्हेंबर

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

डबी पोचली. तुम्ही इतकी आठवण ठेवलीत, बरं वाटलं. रुमालांचं मनातून काढून टाका, माझा मी अजून वापरते. सासूबाईंनाही माझा नमस्कार सांगा. त्यांची उपमा आमच्याकडे फार आवडली.

मलमाबद्दल काय लिहू? इतकी टिकाऊ वस्तू हल्ली मिळत नाही. रोज हातात घेते, पण कमी झाल्याचं दिसत नाही. आमच्या ह्यांनीही डबी बराच वेळ नखाने टोकरून पाहिली. लाकूडकामात आयुष्य गेलेलं, त्यामुळे कोणतीही वस्तू हातात आली की आधी ठोकून बघतात. शेवटी एक तुकडा काढून कारखान्यात घेऊन गेले. संध्याकाळी आले ते खुशीत.

पुन्हा पाठवायचे कष्ट मात्र घेऊ नका. ही एकच डबी मला जन्मभर पुरेल.

तुमची,
विहीण


२४ नोव्हेंबर
॥ श्री ॥

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं, सासूबाईंना दाखवलं आणि शेजारणीलाही दाखवलं. शेजारीण म्हणाली, "मधमाशीचं नाही म्हणून मी नाक मुरडलं होतं, पण बाई, तुझ्या विहिणीने तर शिक्कामोर्तब केलं."

जन्मभर पुरेल हे मात्र मला पटलं नाही. तुम्ही जपून लावत असणार. मलाही तीच खोड आहे, साबणाची चकती नव्या वडीला चिकटवल्याशिवाय मला झोप येत नाही. पण ओठांच्या बाबतीत काटकसर नको. चार डब्या आणखी पाठवते. त्यातल्या दोन व्याह्यांना द्या. पुरुषमाणूस स्वतःहून मागत नाही. तुकडा काढून नेला म्हणजे त्यांचेही ओठ फुटत असणार. टिकाऊपणा तुम्हाला आवडला म्हणून या वेळी मेण आणखी थोडं वाढवलं आहे.

आता मुख्य गोष्ट. तुमच्या लेकीच्या लग्नात पाहुण्यांना द्यायला चाळीस डब्या मी करून देणार. नाही म्हणायचं नाही. झाकणावर चिठ्ठी असेल, "वधूच्या आईच्या खास पसंतीचे". ह्यांचं अक्षर चांगलं आहे, त्यांनी दहा लिहिल्या सुद्धा.

आणि एक हसरा फोटो पाठवा. सासूबाईंना दाखवायचा आहे.

तुमच्या सुनेची आई


५ डिसेंबर

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

चारही डब्या मिळाल्या. दोन ह्यांना दिल्या. त्यांनी त्याच दिवशी कारखान्यात नेल्या.

चाळीस डब्यांचं तुम्ही म्हणता, ते तुमच्या मनाचं मोठेपण. पण मला वाटतं राहू द्यावं. पाहुणे काय, येतील, जेवतील, जातील. त्यातले निम्मे पुरुष, त्यातल्या निम्म्यांना मिशा. शिवाय साखरपुड्याला मी मुलाकडच्या मंडळींचे ओठ नीट पाहून घेतले. सगळ्यांचे उत्तम आहेत, अगदी आजोबांचेसुद्धा.

तुमचीही तब्येत सांभाळायला हवी. उन्हाळ्यात पाठ धरली होती, असं सूनबाई म्हणत होती. चाळीस डब्या म्हणजे किती वेळ उभं राहायचं. माझं ऐका.

फोटो सध्या नाही.

तुमची,
विहीण


१४ डिसेंबर
॥ श्री ॥

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

पत्र मिळालं. समजायचं ते समजले.

पाठ माझी उन्हाळ्यात धरली होती आणि तेव्हाच सुटली. तुमच्या मनात काय आहे ते न कळायला मी लहान नाही. घरी केलेली वस्तू मोठ्या मंडळींच्या हातात द्यायला संकोच वाटतो, एवढंच ना? आम्ही काटकसरीने राहतो. लोक चिक्कू म्हणतात, ऐकू येत नाही असं नाही. पण तुमच्या मलमात मी कणभर हात राखला नव्हता. मेण तर सांगितलेल्यापेक्षा जास्तच घातलं होतं.

चाळीस डब्या ओतून तयार आहेत. चिठ्ठ्याही लिहून झाल्या. पाठवायच्या की नाही ते एका ओळीत कळवा. नको म्हणालात तरी राग नाही. लग्नाला आम्ही येऊच, फक्त मागच्या रांगेत बसू.

लेकीला आशीर्वाद.

तुमच्या सुनेची आई


२३ डिसेंबर

सौ. विहीणबाईंना साष्टांग नमस्कार.

हो, साष्टांग. चूक माझी आहे. भीड भिकेची बहीण म्हणतात. मी तिला दीड महिना घरात पाहुणी ठेवलं, आता तिला दाराबाहेर काढून खरं काय ते लिहिते.

तुमची डबी आली त्या दिवशी मी ती उघडून ओठांवर घासली. काही आलं नाही. जोर लावला. तरी काही आलं नाही, ओठाची साल मात्र आली. म्हटलं, थंडीने आळलं असेल. डबी गॅसजवळ धरली, जरा पाझर फुटला तसं बोटाने चटकन ओठांना लावलं. दोन मिनिटांत ते असं बसलं की वरचा ओठ वरच्या जागी आणि खालचा खालच्या जागी. चहा प्यायला तोंड उघडेना. हे कामावरून आले आणि म्हणाले, "आज जेवायला काय?" मी हाताने दाखवलं. म्हणाले, "रागावलीस का?" मी मान हलवली. तर हे समोर बसून शांतपणे पेपर वाचायला लागले. नंतर म्हणाले, "लग्नाला तीस वर्षं झाली, पण अशी संध्याकाळ आज पहिल्यांदाच मिळाली. ही डबी कुठे मिळते?"

मग त्यांनी ती नखाने टोकरली आणि आमच्या कपाटाच्या त्या खणाला घासून बघितली. तो खण सूनबाईलाही माहीत आहे. उघडताना शेजारच्यांना कळायचं की आमच्याकडे चादरी बदलताहेत. विहीणबाई, तो खण आता बोट लावलं की उघडतो. दुसऱ्या दिवशी कारखान्यात एका टेबलावर फडक्याने चोळलं, तर त्यात तोंड दिसायला लागलं. गिऱ्हाईक येऊन विचारून गेलं की पॉलिश कोणतं. तेव्हा मी जे जे लिहिलं ते खरंच होतं. टिकाऊ आहे, उपयोगी आहे, हे खुशीत आहेत. फक्त ओठांचा उल्लेख मी कुठे केला नव्हता, ते तुम्ही पुन्हा वाचून बघा.

घरची वस्तू द्यायला मला लाज वाटते असं तुम्हाला वाटलं, हे मात्र मला सोसेना. मला भीती एवढीच होती की चाळीस पाहुणे चाळीस डब्या लावतील आणि माझ्या लेकीच्या लग्नात कुणाला तोंडच उघडता येणार नाही.

मागच्या रांगेचं नाव काढू नका. ओठ अजून तसेच फुटलेले आहेत. लग्नात हसता येईल असं दिसत नाही.

तुमची अपराधी,
विहीण


९ जानेवारी
॥ श्री ॥

सौ. विहीणबाईंना सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी मी रुसले होते. खोटं कशाला लिहू? तुमचं पत्र ह्यांच्यापुढे टाकलं आणि म्हटलं, "बघा, माझ्या मलमाने खण उघडतात म्हणे." ह्यांनी सगळं वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "तू स्वतः लावून पाहिलंस ते कसं वाटलं?"

मी म्हटलं, "मी कशाला लावू? देवापुढे ठेवायचं होतं."

"मग दुसरी डबी?"

"ती विहीणबाईंना द्यायची होती. त्यांना उष्टं पाठवू?"

"आणि त्यानंतरच्या चव्वेचाळीस?"

"त्याही पाहुण्यांच्याच. आणि माझे ओठ चांगले आहेत, उगीच वाया का घालवायचं?"

हे चष्मा पुसत बसले. त्यांची हीच सवय मला सहन होत नाही. पलीकडून सासूबाई म्हणाल्या, "अगं, नैवेद्याची भाजी चाखत नाहीस म्हणून तर दर वेळी देवाला खारट मिळते."

तेव्हा देवाची क्षमा मागून मी एक डबी उष्टी केली. विहीणबाई, तुम्ही साल आली असं सौम्य लिहिलंत. माझ्या ओठावर ओरखडा उठला. वर त्या मलमात रव्यासारखे कण. घासलं की भांडी घासल्याचा भास होतो.

मग हट्टालाच पेटले. एका डबीचं मलम उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या वाटीत वितळवलं, त्यात थोडं तेल वाढवलं आणि थेंबभर थंड ताटलीवर टाकून बोटाने दाबून पाहिलं. पाक जमला का बघतो तसंच. अजून दगड. आणखी तेल. पुन्हा ताटली. असं करत गेले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, की या झाडाच्या मेणाची जात मधमाशीच्या मेणापेक्षा फार कडक. माप जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर आणावं लागतं. मी तितकंच घातलं, आणि वर प्रेमाचा चमचा. कणांचंही कळलं. हे मेण वितळतं उशिरा आणि घट्ट होतं घाईने. मी गॅस वाचवायला आच बंद करून वर गार तेल ओतत होते, ते तिथेच दचकून गोठायचं. आता तेलही गरम करून घालते, सगळं एकजीव होऊन पाण्यासारखं दिसेपर्यंत आच ठेवते, आणि मीटरकडे बघत नाही. सोबत देवाचं नाव घेते, त्यानेच ते होतं.

ताटलीवरचा शेवटचा थेंब बोटाखाली लोण्यासारखा पसरला. ओठांना लावला. सकाळी लावला तो दुपारी जेवण होईपर्यंत होता. सासूबाईंना लावला. म्हणाल्या, "हं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे सुवर्णपदक.

पण एक घोटाळा झाला. चाळीस डब्यांतलं मेण फेकवेना. सगळ्या वितळवून तेल घालत गेले, तर मलम पातेल्यात मावेना. एकाचं दुसऱ्यात, दुसऱ्याचं तिसऱ्यात. चाळीस डब्यांच्या सव्वाशे झाल्या. डब्या संपल्या तेव्हा वाट्या भरल्या, वाट्या संपल्यावर औषधाच्या टोप्या धुऊन भरल्या. ह्यांना सकाळी दाढीचा मग सापडेना. सापडला तेव्हा त्यात मलम होतं. म्हणाले, "निदान माझा चहाचा कप तरी सोड." चिठ्ठ्याही आता नव्याने लिहायला हव्यात, तेव्हापासून ते शाई संपल्याचं सांगताहेत. दूधवाल्याला एक दिली, टपालवाल्याला दिली. टपालवाला आता आमच्या गल्लीत शीळ घालत येतो, पूर्वी नुसती शिट्टी फुंकायचा.

तुमच्या डब्या आजच साध्या पार्सलाने टाकल्या आहेत. जलद टपालाला दुप्पट पडत होते, म्हटलं अजून महिना आहे. सगळ्या मी स्वतः लावून पाहिलेल्या घाण्याच्या आहेत. म्हणजे उष्ट्या म्हणा. पण तुमच्या माझ्यात आता काय राहिलंय?

तुमच्या सुनेची आई


२१ जानेवारी

सौ. विहीणबाई,

पत्र आलं, पार्सल नाही.

पत्र मी उभ्यानेच वाचायला घेतलं. खारट भाजीपर्यंत धीर धरला. दाढीच्या मगाला बसले. टपालवाल्याच्या शिट्टीला राहवलं नाही. हे धावत आले, त्यांना वाटलं मला काहीतरी झालं. कारण असा आवाज त्यांनी माझ्या तोंडून बऱ्याच वर्षांत ऐकला नव्हता.

ओठ दोन ठिकाणी फुटला आहे. लग्न एकोणीस दिवसांवर. डॉक्टर म्हणाले, "हसणं बंद." मी म्हटलं, "तेच तर वर्षभर करत होते."

हात जोडून विनंती, पार्सल पोचेपर्यंत पत्र पाठवू नका. मलम आधी, पत्र नंतर.

तुमची,
विहीण


२५ जानेवारी
॥ श्री ॥

सौ. विहीणबाई,

सोबत चार डब्या जलद टपालाने. आयुष्यात पहिल्यांदाच जलद टपाल केलं. ह्यांनी दोनदा विचारलं, बरी आहेस ना?

आधी मलम लावा. लावल्याशिवाय पुढचं वाचू नका.

लावलंत? बोटावर जरा घासा, ऊब लागली की पसरतं. कडांना जास्त. झोपताना पुन्हा.

चिठ्ठी तरी लिहायलाच हवी होती, म्हणून फक्त गंभीर गोष्टी कळवते. इकडे थंडी फार आहे. किराणा महागला. शेजारणीचे पाय सुजले. सासूबाईंच्या दातांचा वरचा संच हरवला होता, दोन दिवस त्या पातळ भातावर होत्या. काल सापडला. कुठे सापडला ते लिहीत नाही. फक्त एवढंच सांगते, की परवाच्या नव्या घाण्यातल्या डब्या उघडून बघितल्याशिवाय कुणाला देऊ नये असं आम्ही ठरवलं आहे.

तुम्हाला पाठवलेल्या सगळ्या उघडून पाहिल्या आहेत.

तुमच्या सुनेची आई


३ मार्च

प्रिय विहीणबाई,

लग्नाला तुम्ही होतातच, आणि पहिल्या रांगेत होतात, तेव्हा वर्णन करत नाही. गाडीसाठी तुम्ही घाईने निघालात, त्यानंतरचं तेवढं ऐका.

फोटो आले. एक सोबत ठेवते, सासूबाईंना दाखवा. दाढा मोजता येतील. अल्बमभर हीच गत. फोटोवाला कॅमेरा धरायचा, मी समोर तुम्हाला बघायची, तुम्ही हळूच दाताकडे बोट करायचात, की संपलं. ओठाला एक चीर पडली नाही. साधं पार्सलही लग्नाच्या आदल्या दिवशी पोचलं, त्यामुळे एकाही पाहुण्याला डबी कमी पडली नाही. आजोबांनी दोन नेल्या.

ह्यांचं एक काम आहे. तुमचा पहिलाच माल त्यांना हवा. दगडाचा, रव्याचा, प्रेमाच्या चमच्यासकट. गिऱ्हाईक थांबलं आहे. मी सांगितलं की विहीणबाईंनी तो सगळा मऊ करून टाकला, तर हे असे बसले जसं कुणी चांगलं सागवान जाळलं.

आता खरी बातमी. काल लेक आली होती. जरा घुटमळत होती. मी विचारलं, "काय गं, सासरी सगळं ठीक?" म्हणाली, "ठीक आहे. सासूबाई चांगल्या आहेत. फक्त फोटो बघताना त्या म्हणाल्या, तुझी आई मुलगी देताना इतकी खूश कशी? आमच्या मनात आलं, मुलीत काही खोट तर नाही?"

तेव्हा विहीणबाई, झाडपाल्यातून डोळ्यांत वेळेवर थोडं पाणी येईल असं काही होतं का, बघा. पुढच्या महिन्यात त्यांच्याकडे जेवायला जायचं आहे.

आणि या वेळी आधी स्वतः लावून पाहा.

तुमची,
विहीण